बटणाएवढा डाग

प्रिय ताई,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? जेवलीस का, औषध घेतलंस का, दाराला कडी लावलीस का, आणि मी दुसऱ्या प्रश्नावर असते तोवर तू 'बरं ठेवते, मावशी हाक मारतेय' म्हणून मोकळी. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. फक्त एक अट आहे. हे खाली बसून वाच. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, एक डोळा गॅसवर ठेवून वाचू नकोस. आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन करू नकोस, बॅग भरू नकोस, मावशीपुढे रडू नकोस. मी बरी आहे. हे वाक्य आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू श्वास घेत घेत वाचशील. मी बरी आहे, कामावर जाते आहे, पण मधल्या काळात बरी नव्हते, आणि तू रविवारी गाडीत बसायच्या आत तुला ते कळायला हवं.

मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तू निघालीस त्या सकाळी दारात थांबून मला विचारलंस, मी नसताना तुझी पाठ कोण बघणार? मी म्हटलं, पाठ कुठे पळून जातेय. तू हसली नाहीस. अपघातानंतर कमरेखालचं मला काही कळत नाही, चिमटा नाही, चटका नाही, खाली खडा आला तरी नाही. अशा न कळणाऱ्या जागीच बसून बसून जखमा होतात, हे दवाखान्यातून सुटताना त्यांनी तुला शिकवलं. मला नाही शिकवलं. अंग माझं, पण शिकवणी तुझी. तेव्हापासून सोळा वर्षं रोज सकाळी मला कुशीवर वळवायचं, कंबर, मांड्या, टाचा बघायच्या आणि 'छान आहे' म्हणून पाठीवर थाप मारायची, हे तुझं काम. माझ्या अंगाचा निम्मा भाग मी स्वतः कधी पाहिलाच नव्हता, आणि खरं सांगू, तो माझा आहे असं मला वाटतही नव्हतं. तो तुझ्या खात्यातला होता, भांडी आणि कपडे होते तसा.

तू गेल्यावर मी दवाखान्यातल्या त्या गटात जायला लागले, ज्याला तू 'चाकांचं संमेलन' म्हणून नाक मुरडायचीस. जायचं कारण काही फार थोर नव्हतं, घर खायला उठत होतं. गट चालवतात त्या बाई पूर्वी शाळेत कवायत शिकवायच्या, आता चाकांच्या खुर्चीत बसून आमची कवायत घेतात. आवाज मात्र अजून मैदानावरचाच. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना विचारलं, या आठवड्यात स्वतःचं ढुंगण कुणी कुणी पाहिलं? मला वाटलं, चेष्टा चाललीय. बघते तर काय, दोन म्हातारबुवांनी हात वर केला, कॉलेजातल्या एका मुलीनं केला, आणि मीच एकटी जमिनीकडे बघत बसलेली. मी म्हटलं, माझं माझी ताई बघते. बाई म्हणाल्या, आणि ताई कुठे आहे? मग माझ्या हातात लांब दांड्याचा एक आरसा दिला आणि म्हणाल्या, "ज्याला दिसत नाही तो काठी घेतो. आपल्याला जाणवत नाही, आपण आरसा घ्यायचा." मी तो घरी आणला आणि कपाटावर टाकून दिला. मला त्या बाईंचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी राग ओसरला आणि कुतूहल उरलं.

ताई, आरशात पाठीमागचं बघणं म्हणजे काय सर्कस असते ते तुला कळणार नाही. हात डावीकडे न्यावा तर आरशात उजवीकडे जातो. आधी पलंगाची दांडी दिसली, मग भिंतीवरचं घड्याळ, मग माझंच कोपर. मी एकटीच खुदूखुदू हसत होते. मग तो भाग दिसला आणि हसू गेलं. उजव्या बाजूला, बसण्याच्या हाडावर बरोबर, एक डाग होता. गोल. शर्टाच्या बटणापेक्षा मोठा, कोटाच्या बटणाएवढा. बाईंनी सांगितलं होतं तसं बोटानं दाबून बघितलं. दाबलं की फिकं व्हायला हवं आणि सोडलं की रंग परत यायला हवा. माझा डाग दाबला तरी तसाच, सोडला तरी तसाच. वर एका कडेची कातडी जराशी सुटल्यासारखी दिसत होती. बोट तिथं फिरत होतं आणि ते बोटाला कळत होतं, मला नाही. घाबरणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी पहिल्यांदा समजलं, कारण यापूर्वी माझ्या वाटचं तूच घाबरायचीस.

दवाखान्यातल्या सिस्टरनं पेनानं डागाभोवती रेघ मारली आणि स्पष्ट सांगितलं. डाग रेघेच्या आत राहिला तर ठीक. बाहेर गेला, फुटला, तर आत किती खोल आहे ते कुणी सांगू शकत नाही. मग महिनोन्महिने पालथं पडून राहायचं, कदाचित ऑपरेशन, आणि घड्याळांच्या दुकानातली नोकरी गेली असंच समजायचं. आता त्या जागेवर काडीचंही वजन पडू द्यायचं नाही, तेल लावून चोळायचं तर मुळीच नाही. (हो, ताई. तू ते तेल लावून चोळायचीस ना, ते नसतं चालत. सांगून टाकलं.) मी रिक्षात आडवी पडून घरी आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. तुला कळलं तर तू त्याच दिवशी निघशील. आणि मावशीच्या शेजारचे ते तुझे रोपवाले, ज्यांनी गुलाबाच्या कलमांच्या आडून मावशीकरवी तुला मागणी घातलीय, त्यांना तू कधीच उत्तर देणार नाहीस. तू मला त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हतीस, पण मावशीच्या पोटात काही राहतं का? एका बटणाएवढ्या डागापायी तुझं सगळं आयुष्य परत या दोन खोल्यांत येऊन पडणार होतं. म्हणून तो डाग बरा करायचा होता, आणि तो मी स्वतःच करायचा होता.

मग सुरू झाली पालथं पडायची तपश्चर्या. छातीखाली उशी, पायांखाली उशी, पलंगाच्या डोक्याशी स्टूल आणि स्टुलावर माझं दुकान. आमचे मालक मनानं बरे, पण तोंडानं कायम कडू. त्यांनी घड्याळांचा डबा घरी पाठवला आणि सोबत निरोप, की पालथं पडून घड्याळ दुरुस्त करणारी तू पहिलीच. एक बारीक स्क्रू पलंगाखाली गेला तो आरशाच्या दांडीनं ओढून काढला, तेव्हा आरशाचा दुसरा उपयोग कळला. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर जायला बाईंनी गुळगुळीत फळी दिली होती, तिच्यावरून सरकायचं. मला सोळा वर्षं तू उचललंस, तू गेल्यावर पहिले काही दिवस शेजारणीनं, आणि मला वाटायचं दुसरा मार्गच नाही. फळीवर दोनदा अडकले, एकदा रडले, नंतर जमलं. लघवीची नळीही आता मीच घालते. लिहिताना लाज वाटतेय, घालताना वाटत नाही. रोज सकाळी आरसा, रोज सकाळी रेघ. डाग रेघेच्या आत होता, पण कमीही होत नव्हता.

आणि मग तो दिवस आला. दुपारी एका जुन्या मनगटी घड्याळाचा काटा बसवत होते आणि चिमटा हातात थरथरायला लागला. मला वाटलं, दमले. मग दात वाजायला लागले. अंगावर दोन पांघरुणं ओढली तरी हुडहुडी जाईना. ताई, मला वाटलं, संपलं. डाग आतून सडला, विष अंगभर गेलं. आरसा धरायला हात स्थिर राहत नव्हता, त्यामुळे बघताही येईना. मी फोन घेतला आणि तुझा नंबर काढला. अंगठा त्याच्यावरच होता. तू उचलला असतास, हॅलो म्हणायच्या आधी माझा श्वास ऐकून तुला कळलं असतं, आणि पुढचं सगळं तू केलं असतंस. मला फक्त पडून राहायचं होतं. किती सोपं होतं ते! मी तो नंबर बंद केला आणि बाईंना लावला.

मला वाटलं होतं बाई म्हणतील, थांब, कुणाला तरी पाठवते. तसलं काही नाही. त्यांनी एकामागून एक विचारलं. ताप किती, जखमेला वास आहे का, लघवीचा रंग कसा, पाणी किती प्यालीस. शेवटच्या प्रश्नाला खरं काय ते सांगावं लागलं. पाणी प्यायलं की नळीसाठी उठायचं, उठलं की फळीवरून सरकायचं, सरकताना डागाला घासलं तर? म्हणून मी पाण्यालाच हात लावत नव्हते. मोठी शहाणी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टॅक्सी बोलाव आणि तुझी तू जा. मी तिकडे फोन करून ठेवते." आणि ठेवला. मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत.

टॅक्सीवाला दांडगा माणूस होता, दयाळू. दयाळू माणसांची मला फार भीती वाटते. त्यानं मला बघितलं आणि पोतं उचलावं तसे हात माझ्या बगलेत घालायला निघाला. तू असतीस तर तूच त्याला सांगितलं असतंस, इकडून धरा, तिकडून धरा, आणि मी दोघांच्या मध्ये लटकले असते. मी म्हटलं, थांबा. मला उचलू नका. फळी इथे टेकवा, खुर्चीचा ब्रेक लावा आणि फक्त समोर उभे राहा, तोल गेला तर धरा. माझे दात वाजत होते, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. पण त्यानं ऐकलं. मी मागच्या सीटवर कुशीवर आडवी झाले. रस्ताभर तो आरशातून माझ्याकडे बघत होता आणि मी सीटच्या शिवणीकडे बघत मनात एवढंच म्हणत होते, रेघेच्या आत असू दे, रेघेच्या आत असू दे.

दवाखान्यात सिस्टरनं मला वळवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. तू कधी सकाळी बोलायला वेळ लावायचीस ना, तेव्हा मी छताकडे बघत काहीतरी गुणगुणायचे. त्या दिवशी गुणगुणताही येईना. मग ती म्हणाली, डाग होता तेवढाच आहे. उलट कडेची कातडी धरायला लागलीय. ताप होता तो मूत्राशयातल्या संसर्गाचा, पाणी न प्यायल्याचा. सिस्टरनं मला जे झाडलं ते आख्ख्या वॉर्डनं ऐकलं. एक फाटलेलं शिवायला निघालीस आणि शेजारीच कात्री मारलीस, असं म्हणाली. औषधं घेतली, पाणी प्यायला लागले, ताप गेला. आणि काही दिवसांनी एका सकाळी डाग दाबला तर तो फिका झाला, सोडला तर रंग परत आला. मी पाच-सहा वेळा दाबून पाहिला. मग फोन उचलून तुला लावला, आणि तू विचारलंस, जेवलीस का? मी हो म्हटलं.

आता दुकानात माझ्या टेबलावर एक गजराचं घड्याळ असतं. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं आणि न्यायला आलंच नाही, ते मी लावून घेतलंय. ते वाजलं की हातातलं काम खाली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, आणि स्वतःला वर उचलायचं, बसण्याची जागा मोकळी करायची, थोडा वेळ तसंच राहायचं. गिऱ्हाइकं आधी दचकायची. एका आजींना वाटलं मी त्यांच्या मानासाठी उठायचा प्रयत्न करतेय, त्या म्हणाल्या, राहू दे गं बाळ. मालक म्हणतात, या दुकानात वेळेवर चालणारं एवढं एकच घड्याळ. गेल्या आठवड्यात बाईंनी मला गटात नवीन आलेल्या एका बाईला आरसा कसा धरायचा ते शिकवायला सांगितलं. तिनं म्हटलं, माझे मिस्टर बघतात. मी विचारलं, आणि मिस्टर कुठे आहेत?

एवढं सगळं लिहिलं, पण एक गोष्ट अजून मागेच ठेवलीय. डाग झाला कशानं? सिस्टरनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कशावर बसतेस ते घेऊन ये. मी घरी येऊन खुर्चीवरची गादी काढली आणि माझं भिंग डोळ्याला लावून टाक्यांवरून बोट फिरवत गेले. तीच गादी, जी तू निघायच्या आधी रात्री जागून भरलीस. दवाखान्यानं दिलेली स्पंजची गादी तू कचऱ्यात टाकलीस आणि म्हणालीस, गादीवाल्याच्या पोरी आपण, आपल्या घरात स्पंज? बाबा म्हणायचे, टाका नाही ती गादी नाही. कापूस सरकू नये म्हणून त्यांच्यासारखेच तू आरपार टाके घातलेस, आणि प्रत्येक टाक्यावर कापडानं मढवलेलं एकेक बटण, दोन्ही बाजूंनी, घट्ट. ज्याला जाणवतं तो बटणावर बसला की आपोआप सरकतो, त्याला कळतसुद्धा नाही आपण सरकलो ते. मी कशी सरकणार? उजव्या बाजूचं बटण मी डागाच्या मापाशी लावून पाहिलं. तंतोतंत होतं. ताई, तुझ्या हाताची गादी इतकी सुंदर होती की मालकांनी तिच्याबद्दल विचारलं होतं. मी ती कुशीत घेऊन किती वेळ बसले होते, की पडले होते म्हणू. मला तुझा राग आला नाही. तुला हे कसं सांगायचं, याचीच धास्ती वाटली, आणि मी ठरवलं, सांगायचंच नाही. आता मी हवेच्या गादीवर बसते, बेढब आहे, रबराचा वास येतो, पण डाग पडत नाही.

मी सांगणारच नव्हते. पण काल मावशीचा फोन आला. तू रोपवाल्यांना नाही म्हणून निरोप दिलास म्हणे, आणि कारण काय, तर धाकटीचं माझ्याशिवाय पान हलत नाही. शिवाय माझ्यासाठी नवी गादी भरायला घेतलीस, पहिलीपेक्षा जाड, जास्त टाक्यांची, ती घेऊन रविवारी कायमची परत येतेस. ताई, ती गादी मी घेणार नाही. आणि तुलाही कायमची परत घेणार नाही, दार उघडणार नाही असं समज. पाहुणी म्हणून हवी तेव्हा ये, परतीचं तिकीट काढूनच ये, मी तुला चहा करून देईन, मला येतो. पण आज हे पत्र मिळालं की आधी शेजारी जा आणि तो 'नाही' परत घे. ते गृहस्थ झाडं वाढवतात, त्यांना वाट बघायची सवय असेल. मावशी सांगत होती, त्यांच्या रोपांपुढे एक लाकडी बाक आहे, ते रोज तुला बसा म्हणतात आणि तू उभ्यानंच चार शब्द बोलून परत येतेस. ती नवी गादी त्या बाकावर टाक. तुला जाणवतं, बटण टोचलं तर तू सरकून बसशील. सोळा वर्षं मी बसलेली आहे आणि तू उभी आहेस. आता तू बस.

तुझीच, स्वतःची पाठ स्वतः बघणारी,
धाकटी